बनारसच्या सरकारी दुकानातली भांग पुण्यात आणता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब बनारसला गेलं, तिथल्या परवानाधारक दुकानातून भांगेच्या गोळ्या घेतल्या. होळीला ठंडाईत घालायला त्या पुण्याला आणायच्या आहेत. ‘भांग एनडीपीएसमध्ये येतच नाही’ असं दुकानदारानं सांगितलंय. घरातला एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे आणि एक बहीण सिंगापूरला असते. त्यांनी होळीला घरी येऊन ठंडाई घेतली तर काही बिघडतं का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देतो: गोळ्या आणू नका, आणि नेव्हीतल्या मुलाला व सिंगापूरच्या बहिणीला तर ती ठंडाई घोटभरही देऊ नका. दुकानदार खोटं बोललेला नाही. पण तो एका कायद्याबद्दल बोलला आणि तुमच्यावर लागू होणारे कायदे एकाहून जास्त आहेत. ही गल्लत फार लोक करतात आणि ऐन सणात पोलीस ठाण्यात बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनडीपीएस, म्हणजे १९८५ चा अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा. त्याच्या कलम २(३) मध्ये ‘कॅनाबिस’ची व्याख्या आहे. त्यात चरस आहे, म्हणजे झाडातून वेगळा काढलेला चीक, हशीश तेलासकट. गांजा आहे, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. आणि या दोहोंचं कुठलंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय आहे. गांजाच्या व्याख्येतच कंसात एक अपवाद लिहिलाय: शेंडे सोबत नसतील तेव्हा बिया आणि पानं वगळून. भांग ही पानांचीच असते. म्हणून नुसत्या पानांची भांग या व्याख्येबाहेर राहते. ही शब्दरचना आपल्याकडे १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून आली. त्या करारानं पानांना बंदीतून वगळलं, पण पानांचा गैरवापर आणि चोरटा व्यापार रोखायची जबाबदारी कलम २८ नुसार त्या त्या देशावर टाकली. पानं मोकळी सोडा असं कुणीच कुठे म्हटलेलं नाही.

मग पानांवर नियंत्रण कुणाचं? राज्यांचं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीत दारू, अफू आणि ‘इंडियन हेम्प’ (म्हणजे भांग-गांजाचं झाड) यांवरचं उत्पादन शुल्क राज्यांकडे दिलंय. म्हणून भांगेचा कायदा राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेशात उत्पादन शुल्क खातं भांगेच्या दुकानांना रीतसर परवाने देतं. बनारस किंवा जैसलमेरला ‘सरकारी भांग की दुकान’ अशी पाटी उघड दिसते ती त्यामुळेच. आसामात याच्या अगदी उलट: १९५८ च्या आसाम गांजा आणि भांग प्रतिबंधक कायद्यानं भांगेची विक्री, खरेदी, बाळगणं आणि सेवन या सगळ्यावर बंदी आहे.

महाराष्ट्राची गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू आहे, आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नाव दारूबंदीचं असलं तरी त्यात ‘मादक औषधी द्रव्यां’चंही नियंत्रण आहे आणि भांग त्यात धरलेली आहे. परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, विकणं, सेवन करणं आणि राज्याबाहेरून आणणं हे इथे बेकायदा आहे. १९६० मध्ये द्वैभाषिक राज्य फुटलं तेव्हा हाच १९४९ चा कायदा गुजरातकडेही गेला. गुजरातनं दारूची बंदी कायम ठेवली, पण फेब्रुवारी २०१७ मध्ये भांगेला मात्र त्या बंदीतून वगळलं. महाराष्ट्रानं वगळलेलं नाही. एकाच मूळ कायद्याच्या दोन वारसांत आज हा फरक आहे, त्यामुळे सुरतच्या नातेवाइकाचा दाखला नंदुरबारच्या माणसाला उपयोगी पडत नाही. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याहून शिरपूरला येणाऱ्यालाही हेच लागू: तिथली पावती खरी असली तरी ती तिथल्या राज्यापुरती. हद्द ओलांडली की ती महाराष्ट्राच्या कायद्यानं ‘आयात’ ठरते.

होळी, शिमगा किंवा महाशिवरात्र म्हणून कायद्यात आपोआप सूट मिळत नाही. पोलीस त्या दिवशी दुर्लक्ष करतात, हा अनुभवाचा भाग झाला. त्यावर बचाव उभा राहत नाही. मंडळाला किंवा मंदिराला खरोखर गरज असेल तर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावं आणि उत्तर लेखीच घ्यावं. तोंडी ‘चालतंय’ला काही अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, राज्याच्या कायद्यात फार तर किरकोळ गुन्हा होईल, एनडीपीएसची भीती तरी नाही ना? दुर्दैवानं प्रत्यक्षात तेवढं सरळ नसतं. पिशवी पकडली गेली की जागेवर कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ नसतो. पोलिसांकडे रंग बदलणारं तपासणी किट असतं. ते कॅनाबिसचे घटक आहेत का एवढंच दाखवतं, आणि ते पानातही असतात. मग पंचनाम्यात ठरलेलं वाक्य येतं: ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बोंडे, काड्या व बिया असलेला गांजासदृश पदार्थ’. पिशवीत फुलं, बोंडं नव्हती तरी हे वाक्य कधी कधी सवयीनं उतरतं. एकदा ‘फुले, बोंडे’ लिहिलं गेलं की पानं ‘शेंड्यांसोबतची’ होतात आणि अपवाद हातचा जातो. पुढे सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकांच्या अहवालात, नुसतं ‘कॅनाबिस आढळला’ असं आलं तर पान की शेंडा हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. पातळ थराची क्रोमॅटोग्राफी असो की जीसी-एमएस, प्रयोगशाळेच्या या दोन्ही चाचण्या टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, दाखवतात. तो झाडाच्या कुठल्या भागातून आला हे सांगत नाहीत. ते सांगायला सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतीच्या अवयवांची तपासणी लागते. आणि गोळी तर वाटून, गूळ-मसाला घालून केलेली. त्यात तीही अवघड होते. म्हणून सुका पाला आणि वाटलेली गोळी यांत बचावाच्या दृष्टीनं पाला जास्त सुरक्षित असतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं.

असा प्रसंग आलाच तर झटापट, पळापळ, माल फेकणं यातलं काही करू नका. पंचनाम्याची प्रत मागा. सही करण्याआधी वर्णन वाचा, आणि फुलं-बोंडं नसतील तर सहीजवळ स्वतःच्या हातानं ‘फक्त पाने, शेंडे नाहीत’ असं लिहा. पानं, बिया, काड्या वेगवेगळ्या वजन करायला सांगा. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क एनडीपीएसचं कलम ५० देतं. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, बॅगेला तो लागू होत नाही. नमुने काढण्याची पद्धत कलम ५२अ मध्ये आणि २०२२ च्या नियमांत आहे: मुद्देमालाची यादी दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हायला हवी, नमुने त्यांच्यासमोर काढले जायला हवेत, आणि गांजा-चरसाचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा असावा लागतो. वकिलानं पहिल्याच दिवशी हे तपासावं. जामिनाच्या अर्जात वजनाचा मुद्दा फार महत्त्वाचा असतो, कारण गांजाची ‘स्मॉल क्वांटिटी’, म्हणजे छोटं प्रमाण, १ किलोच्या आत आणि ‘कमर्शियल’, म्हणजे व्यापारी प्रमाण, २० किलोच्या वर धरतात. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. छोट्या प्रमाणाला कमाल १ वर्ष किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड, कमर्शियलला १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड. कमर्शियलमध्ये कलम ३७ आडवं येतं आणि जामीन मिळणं खरोखर कठीण होतं. चौदा किलो शेंडे आणि आठ किलो काड्या-पाला एकत्र तोलून बावीस किलो दाखवले, की माणूस एका पायरीवरून थेट दुसऱ्या पायरीवर जातो. म्हणून वेगळ्या वजनाचा आग्रह.

कर्नाटक उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा आदेश अनेकजण दाखवतात. २९ किलो भांगेच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की भांग लस्सीच्या दुकानांत विकलं जाणारं पारंपरिक पेय आहे, ती गांजा किंवा चरसापासूनच केली हे दाखवणारा शास्त्रीय पुरावा समोर नाही. हे सगळं खरं, पण तो जामिनाचा आदेश होता. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आणि तो आदेश महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा पुसून टाकत नाही.

ठंडाईबद्दल एक धोका वेगळा सांगावाच लागेल. पानांऐवजी, किंवा नशा वाढावी म्हणून पानांबरोबर, गांजाचे शेंडे वाटले तर ते पेय कलम २(३) च्या तिसऱ्या भागात सरळ येतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात ठरवलं की मिश्रणातल्या निव्वळ अमली पदार्थाचं वजन न मोजता तटस्थ पदार्थासह पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे दूध, बदाम, बडीशेप, साखर यांचंही वजन त्यात येऊ शकतं. मूठभर शेंडे घातलेलं २५ लिटरचं पातेलं हे कागदावर किती भयंकर दिसेल याचा विचार करा. मंडळाच्या पोरांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

कुंडीत झाड लावायचा विचार असेल तर तोही सोडा. पान वगळलंय ते व्याख्येतून, झाडाच्या लागवडीतून नाही. कलम ८ नुसार कॅनाबिसचं झाड लावणं परवान्याशिवाय बंद आहे, एकही. कलम २० मध्ये लागवडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे किती झाडं याची किमान मर्यादा नाही. आपोआप उगवलेलं आणि मुद्दाम लावलेलं यात न्यायालयं फरक करतात, पण शेतकऱ्यानं त्या फरकाच्या भरवशावर बसू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर भागात कपाशी-तुरीच्या आत गांजा सापडल्याच्या कारवाया नेहमी होतात. जमीन कसायला दिलेल्या मालकानंही लक्ष ठेवावं: कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत असं पीक दिसलं तर ताबडतोब कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे, आणि माहीत असून गप्प बसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

बिया मात्र मोकळ्या आहेत. हेम्प सीड, त्याचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. उगवणारं बी खाद्यपदार्थ म्हणून विकता येत नाही. उत्तराखंडात ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पला परवाने मिळतात, हिमाचलनं जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडून अभ्यास-लागवड मंजूर केली. गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव २०२० च्या अखेरीस चर्चेत आला, विरोध झाला आणि तो पुढे सरकला नाही. तिथे किनाऱ्यावर ‘सगळं चालतं’ हा पर्यटकांचा समज निव्वळ चुकीचा आहे, एनडीपीएस गोव्यालाही तितकाच लागू आहे.

आयुर्वेदिक औषधांत भांग ‘विजया’ या नावानं येते. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये बियांखेरीज भांग विषारी द्रव्यांत मोडते. म्हणून लेबलवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, विजयेचं प्रमाण आणि ‘चिकित्सक की देखरेख में लें’ ही सूचना हवी. वैद्याची चिठ्ठी आणि बिल जवळ ठेवा. पानटपरीवर पाचक म्हणून मिळणारी भांगेची मुनक्का गोळी यातलं काहीच दाखवत नसेल तर ती औषध म्हणून वाचवणार नाही, पाकिटावर ‘आयुर्वेदिक’ कितीही ठळक छापलेलं असो.

परवान्याच्या राज्यातही दोन गोष्टी गुन्हाच आहेत. भांग पिऊन गाडी चालवली आणि ताबा राहिला नाही तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. खाल्लेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा ग्लास घेतात आणि दोन्ही एकदम चढतात, तेव्हा माणूस नेमका रस्त्यावर असतो. दुसरं, कुणाला न सांगता ठंडाईत भांग पाजणं. इजा होईल हे माहीत असून गुंगीचा पदार्थ देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षेचं आहे. सणातली गंमत म्हणून हे सर्रास होतं, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या पाहुण्यावर ते बेततं.

आता मर्चंट नेव्हीतला मुलगा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथली कितीतरी पोरं बोटीवर आहेत आणि शिमग्याला रजेवर येतात, म्हणून हे नीट वाचा. जहाजावर चढण्यापूर्वी आणि मध्येच अचानकही लघवीची तपासणी होते. प्रचलित निकष पहिल्या चाचणीला मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि खात्रीच्या चाचणीला १५ नॅनोग्रॅम असा आहे. चाचणी टीएचसीपासून शरीरात तयार होणारा घटक मोजते. तो पानातून आला की गांजातून, बनारसच्या सरकारी दुकानातून की चोरून, हे तिला कळत नाही. एखाद वेळी घेतलेली भांग तीन-चार दिवस दिसू शकते, नेहमी घेणाऱ्यात कित्येक आठवडे. ‘आमच्याकडे कायदेशीर आहे’ या सबबीवर नोकरीचा करार टिकत नाही. शिवाय एनडीपीएस भारतीय नागरिकाला भारताबाहेरही लागू आहे आणि भारतीय नोंदणीच्या जहाजावरच्या प्रत्येकाला.

सिंगापूरचा कायदा याहून कडक आहे. तिथे कॅनाबिस म्हणजे झाडाचा कुठलाही भाग, त्यामुळे पानाचा अपवाद नाही. ५०० ग्रॅमपेक्षा जास्त कॅनाबिसच्या तस्करीला फाशीची तरतूद आहे. आणि सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी परदेशात सेवन करून परतला तरी तो तिथे गुन्हा धरला जातो. तुमची बहीण यांपैकी असेल तर पुण्यातल्या होळीची ठंडाई तिला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर महागात पडू शकते. आखातात जाणाऱ्यांसाठी जाता जाता: संयुक्त अरब अमिरातीत खसखससुद्धा बंद आहे. भांगेशी तिचा संबंध नाही, पण अनारशांच्या आणि मसाल्याच्या डब्यांतून ती जाते, म्हणून सांगितलं.

इतर देशांतही कायदा एकसारखा नाही. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यातही सुरुवातीला पान सुटत होतं; १९७७ मध्ये दुरुस्ती करून पक्व देठ, तंतू आणि बी सोडून सगळं झाड आत घेतलं. नेपाळनं १९७३ मध्ये गांजा-भांगेचे परवाने रद्द केले, पशुपतिनाथाला शिवरात्रीला दिसणारं दृश्य हा परवाना नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत बाळगता येतं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ३० ग्रॅमपर्यंत, पण सीमेपार नेणं आणि आणणं दोन्ही गुन्हा. अमेरिकेत राज्यानं मोकळीक दिली असली तरी व्हिसा आणि ग्रीन कार्ड संघीय कायद्यानं चालतात, आणि तो अजून मना करतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मराठी पोरांनी कॅलिफोर्नियातल्या दुकानाच्या पावतीवर विसंबू नये. थायलंडनं ९ जून २०२२ ला गांजा यादीतून काढला, जून २०२५ मध्ये फुलोऱ्यासाठी पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणली. तिथून हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यात वाढवलेला) गांजा आणताना मुंबई विमानतळावर कस्टम्स सतत लोकांना पकडतं. तो शेंड्यांचाच असतो, वर एनडीपीएसच्या कलम २३ खाली आयात, तेव्हा ‘भांग आहे’ म्हणायलाही तिथे जागा नसते.

गोळ्या अजून बनारसलाच असतील तर तिथेच ठेवून या. पुण्यात आल्या असतील तर कुणाला देऊ, विकू, कुरिअर करू नका. वकिलाशी बोला आणि त्याच्या सल्ल्यानं पुढचं पाऊल उचला. ठंडाई बदाम, मगज, बडीशेप, मिरी, वेलची आणि गुलाबकळीची करा.